आधी ओढा, मग सोडा

"गरोदर कर्मचारी व इतर यांना धूम्रपान सोडण्यास मदत," अभय साहेबांनी मुख्य कार्यालयाचं पत्रक वाचलं आणि वाळूजच्या त्या स्विचच्या कंपनीत अख्खी शिफ्ट हसली. गरोदर बाई आणि बिडी! सगळ्यात मोठ्यानं तनुजा हसली. तिला पाचवा महिना होता आणि पिशवीच्या तळाशी, रुमालात, बिडी होती.

हे लचांड सासूमुळे लागलेलं. आवडाबाई याच कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. पडेगावला घरी पोचून टेकल्या की हुकूम सुटायचा, "तनुजे, पेटवून आण गं." गॅसवर धरलेली बिडी एक झुरका मारल्याशिवाय धड पेटत नाही. एकाचे दोन झुरके झाले, मग तिची वेगळी बिडी झाली. बाळ बारीक राहील म्हणून डॉक्टरीणबाईंनी धाक घातल्यापासून ती रोज सकाळी सोडायची आणि रोज संध्याकाळी सासूची पेटवायची. सांगणार कुणाला? सून बिडी ओढते म्हटल्यावर आवडाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांच्या स्वतःच्या बिडीची गोष्ट वेगळी. त्या सासू होत्या.

पण योजना झकास होती. नाव देणाऱ्याला चहाच्या आणि जेवणाच्या, दोन्ही वेळा दहा मिनिटं जादा सुट्टी, नर्सबाईंचा सल्ला आणि तलफ आली की चघळायला शेंगदाण्याची चिक्की. दुसऱ्या दिवशी रांग लागली. सगळ्यात पुढे सर्जेराव, ज्यांना उदबत्तीच्या धुरानंही ठसका लागायचा.

"सर्जेराव, कधीपासून ओढता?" साहेबांनी विचारलं.

"ओढत नाय साहेब. पण सोडायची लई इच्छा हाय."

साहेबांना वर आकडा दाखवायचा होता. त्यांनी नाव घेतलं. मग ज्यानं त्यानं दिलं. या गर्दीत आपण कुणाला दिसतोय, असं म्हणून तनुजाही घुसली.

"तू पण?"

"दोन जिवांची हाय साहेब. दहा मिनिटं पाय लांब करीन म्हणते."

"बरोबर हाय पोरीचं," सर्जेराव म्हणाले.

घोळ झाला तो योजनेच्या नर्सबाई, रत्नमाला सिस्टर, फुंकायचं यंत्र घेऊन येणार कळल्यावर. ओढणाऱ्यानं फुंकलं की लाल दिवा आणि शिट्टी. हिरवा लागला तर योजनेतून बाहेर, चिक्की बंद. जेवणाच्या सुट्टीत गेटजवळच्या टपरीवरच्या बिड्या संपल्या. शेडमागं जन्मात न ओढलेली माणसं एकमेकांना काड्या लावून देत होती. सर्जेराव चक्कर येऊन खोक्यांवर आडवे झाले.

खिडकीतून अभय साहेबांना धुराचा लोट दिसला. आग लागली समजून त्यांनी भोंगा वाजवला. नियमाप्रमाणे सगळी कंपनी मैदानात जमली, कँटीनच्या बायकासुद्धा. "आता जमलेच आहेत, तर इथंच तपासते," सिस्टर म्हणाल्या.

तनुजा रांगेत मागे मागे सरकत राहिली.

शेडमागचे सगळे एकामागोमाग लाल. फक्त सर्जेराव हिरवे.

"धूर आत घेतलाच नाही तुम्ही," सिस्टर म्हणाल्या.

"गालात धरला व्हता बाई."

मग तनुजा. लाल दिवा, लांबलचक शिट्टी.

"हात्तिच्या, ही पण आपल्यातलीच," कुणीतरी म्हणालं.

सर्जेरावांचा मात्र जीव चिक्कीत अडकला होता. "ही शेडमागं नव्हतीच की. मग हिचा दिवा लाल काहून?"

सगळ्या माना तनुजाकडे वळल्या. पिठाचे हात पदराला पुसत आवडाबाई पुढे आल्या. "ते आण हिकडं," म्हणत त्यांनी सिस्टरच्या हातातून यंत्र घेतलं आणि फुंकलं. शिट्टी थांबेचना. सिस्टरनी शेवटी यंत्र बंद केलं.

"बघितलं का? माझाच धूर जातो तिच्या नाकात," आवडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चला, कामाला लागा."

लोक पांगल्यावर त्यांनी सुनेला बाजूला घेतलं.

"ओढतीस?"

"तुमची पेटवता पेटवता लागली, आत्याबाई."

आवडाबाईंनी पुन्हा पदराला हात पुसले.

"मला तरी कशी लागली म्हणतीस? माझ्या सासूला पेटवून द्यायची मी."

मग त्या साहेबांकडे वळल्या.

"ओ साहेब, दोन नावं पक्की लिहा. गरोदरमध्ये एक, इतरमध्ये एक. आणि चिक्की मऊ आणा, मला दात नाय."