उबेचा पाळणा गार पडला आणि दूत दारातून परतला, त्याची हकीकत

श्री विघ्नहर्त्यास नमन, जोडलेल्या तारेस नमन, आणि जोडली असोनही जी बोलत नाही त्या तारेस दोन वेळा नमन. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य तृतीयेस एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, चिमाबाईसाहेब राणी यांचे बाळराजे आठवे महिनीच अवतरले, आकारे पपईएवढे, आणि अंगी ऊब टिकेना, म्हणोन राजधानीहून उबेचा पाळणा आणविला. त्याचे पायथ्याशी तळहाताएवढा बोर्ड, तोच ऊब मोजी आणि तोच राखी. मग त्या सकाळी पाळणा अकस्मात गार पडला. बाईसाहेबांनी बाळराजे उचलोन छातीशी धरिले, वरून शाल घेतली आणि बोलिल्या, "यंत्र नीट होईतो मी हलणार नाही. शिंकणार देखील नाही."

पाळण्याचे कर्ते त्र्यंबकपंत यंत्रनवीस चाळीस कोसांवर राजधानीत. त्यांची रीत ऐसी की आपण जागचे न उठता तारेने दूत धाडावा, आणि दूताने बोर्डाचे पोटी शिरोन दोष शोधावा. यास त्यांचे दफ्तरी रिमोट डीबगिंग म्हणत. मग विसोबा कारकुनाने बोर्डास केबल लाविली, केबल लॅपटॉपास लाविली, फोन कानास लाविला, आणि पंतांनी दूत धाडिला. तो दारातूनच परत! पंत फोनवर बोलिले, "विसोबा, आमचे येथील जोडीचा पाळणा तर उत्तम चालतो." बाईसाहेब शालीतून वदल्या, "मग बाळास तिकडे धाडू काय, पंत?" पंत वरमले, आणि विचारिता कळले की लॅपटॉपातील द्वारपाल, म्हणजे दूतास आत घेणारा प्रोग्राम, विसोबांनी जागाच केला नव्हता. तो जागा केला आणि दूत पुन्हा निघाला, तो वाटेतच अडकला. घटका गेली, ना होकार ना नकार. मग विसोबा हळूच म्हणाले, "लॅपटॉपावर फायरवॉलचा पहारा बसविला आहे. परके कोणी बाळराजांजवळ येऊ नये, ही हुजुरांचीच आज्ञा." बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, ती शिंकणाऱ्या पाहुण्यांसाठी होती!" मग पहारा उठविला, दूत आत आला, आणि बोर्ड त्यास ओळखच देईना. केबल दोनदा बदलली, यंत्र तीनदा बंद करोन चालू केले, पंतांनी चारदा सांगितले की त्यांचे येथील उत्तम चालते.

आत्याबाई भागूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "दृष्टच लागली गं बाई." बाईसाहेब सकाळपासोन बाळराजांचे श्वास मोजीत होत्या, त्यांची नजर आत्याबाईंचे बोटावर गेली. "आत्याबाई, बाळाचे गाली तीट कालचीच आहे. मग बोटास ताजे काजळ कशाचे?"

"अगं, त्या यंत्राचे ते पिवळे दात! किती चकचकीत! गावच्या बायका पाहून पाहून गेल्या. म्हणून आज उठल्याबरोबर लाविली बारीकशी."

"कोठे?"

"दातांवरच. तेच तर चमकत होते."

विसोबांनी वाकोन बोर्डाचे कडेची ती चकचकीत टोके पाहिली. त्याच दातांत केबल बसे आणि ऊब मोजणारी तारही बसे. काजळाने मोजणी बिघडली, आणि बाळ भाजू नये म्हणोन बोर्डाने शहाणपणे ऊबच बंद केली होती. फोनमधून आवाज आला, "तीट? आमचे दोषांचे यादीत ऐसा दोष नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मग लिहून घ्या."

विसोबांनी स्पिरिटात कापूस बुडवोन एक एक दात पुसला, दूत आत गेला, बोर्ड बोलिला, आणि पाळणा उबू लागला. पंत म्हणाले, "आता ठेवावे बाळराजांस." परंतु बाईसाहेबांनी आधी आपले कोपर गादीस लावोन पाहिले, मग पुन्हा पाहिले, आणि मगच बाळराजे निजविले.

एवंच, आत्याबाईंस पुढे तीट लावण्यास पाळण्याचे लाकूड नेमून दिले, दातांपासोन चार बोटे दूर. पंतांनीही राजधानीतील उत्तम चालणाऱ्या पाळण्यास, कोणी पाहात नाही ऐसे पाहोन, एक तीट लाविली. आणि बाळराजे गाढ निजल्याची खात्री होताच बाईसाहेब सकाळपासोन दाबलेली शिंक शिंकल्या. बाळराजे जागे जाहले. इतके वर्तमान.