अक्कांचा खांब

हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला मी शाळेत जायला निघालो, की शेजारच्या विमलअक्का कुंपणापाशी यायच्या आणि रामराम-नमस्कार काही न करता सांगायच्या, "अकरा रिबाउंड. पण सहा वेळा चेंडू हातचा घालवला. झोप झालेली नाही त्याची."

ज्याची झोप झालेली नसायची, तो माणूस अमेरिकेत असायचा. व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचा. अक्का आमच्या मेहरूणमध्ये, तलावाकाठी राहतात, सत्तरी ओलांडलेल्या आहेत, आणि बास्केटबॉलचा एकही सामना त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. त्या फक्त तक्ता वाचायच्या.

या सगळ्याला कारण मीच. मी इंग्रजी शिकवतो आणि शाळेचा बास्केटबॉलचा संघही सांभाळतो. मुलांना दाखवायला मी एका अमेरिकन सामन्याचा तक्ता छापून आणला होता. कोण किती मिनिटं खेळला, गुण किती, हुकलेले चेंडू उडी मारून किती पकडले, म्हणजे रिबाउंड, फाऊल किती. बायकोने नेमका त्याच कागदात अक्कांना कढीपत्ता बांधून दिला. दुसऱ्या दिवशी अक्का तो कागद हाताने सरळ करत आल्या आणि विचारू लागल्या, सर, हा सात नंबरचा पेशंट आता कसा आहे?

अक्का मूळच्या शिरपूरकडच्या. सगळी नोकरी धुळ्यात एका दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. ड्यूटीवर आल्या की आधी खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता वाचायच्या आणि रोग्याची रात्र कशी गेली ते त्यावरून सांगायच्या. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारायचे म्हणे. म्हणे म्हणजे अक्काच म्हणायच्या. निवृत्तीनंतर वाचायला तक्ता उरला नव्हता. तो आता मिळाला. मी त्यांच्या मोबाइलवर रोजचे तक्ते दिसण्याची सोय करून दिली.

सात नंबरच्या खेळाडूचं नाव अक्कांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याला 'खांब' म्हणायला सुरुवात केली. केळीचा खांब. उंची तक्त्यात लिहिलेली होती, तेवढी त्यांना पुरली. त्याचा एक जोडीदार भराभर फाऊल करायचा, तो 'तापट'. एक जण पाच मिनिटांत भरपूर गुण करून पुढे गप्प बसायचा, तो 'पाहुणा'. तक्त्याच्या शेवटी अधिक-उण्याचा एक रकाना असतो. खेळाडू मैदानात असताना संघाने आघाडी घेतली की पिछाडी, हे त्यात कळतं. अक्कांचा सगळ्यात लाडका रकाना हाच. खांबाचे स्वतःचे गुण थोडे असले तरी इथे बहुतेक अधिक असायचं. अक्का म्हणायच्या, "तो शे तवलग घर बरं चालस." म्हणजे तो आहे तोवर घर नीट चालतं.

रविवारी सवड असली की मी त्यांच्या ओट्यावर चहाला बसायचो. तलावावरून धुकं सरकत यायचं. समोरच्या बंगल्यांचे नुसते गच्चीचे कठडे दिसायचे. अक्का मांडीवर तक्ता ठेवून डोळे मिटायच्या आणि न पाहिलेला सामना सांगायला लागायच्या. आवाज खाली, ड्यूटीवरचा. आता तापटाचा चौथा फाऊल झाला. त्याला बसवलं. समोरच्यांना रान मोकळं. मग खांब उठला. अंगातला कोट काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला. हा कोट आणि ही घडी तक्त्यात कुठेच नसायची, पण मला ती दिसायची. धुक्यात एक उंच माणूस सावकाश चालत यायचा, चेंडू हवेत तरंगत राहायचा आणि माझा चहा गार व्हायचा. एकदा मी मुद्दाम त्या सामन्याचं चित्रण पाहिलं. अक्कांनी सांगितलेला सामनाच बरा होता.

गेल्या हिवाळ्यात अक्कांच्या बोलण्यात काळजी आली. खांबाची मिनिटं कमी होत चालली होती. एकतीस, मग चोवीस, मग अठरा. अक्कांनी वहीत आलेख काढला, ताप उतरतो तसा, आणि कुंपणावरून मला दाखवला. म्हणाल्या, "त्याना गुडघामा काहीतरी शे. कोनी सांगत नही."

मी हसलो. दमत असेल, वय झालं असेल, असं काहीबाही बोललो. महिन्याभराने बातमी आली की उजवा गुडघा कामातून गेलाय आणि मोसम संपला की तो खेळ सोडणार आहे. ती बातमी मीच अक्कांना वाचून दाखवली. त्या रात्री त्यांचा दिवा लवकर मालवला.

त्याचा शेवटचा सामना आमच्याकडे रविवारी पहाटे दिसणार होता. मी अक्कांना आमच्या टीव्हीवर बघायला बोलावलं. आधी नको म्हणाल्या. मग पहाटे साडेपाचला शाल पांघरून, वही-पेन घेऊन हजर.

खांब मैदानात आला तशा त्या पुढे वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की हा तर पोरगाच आहे, माझ्या मनात साठीचा होता, पिकलेल्या मिशांचा. तो जेमतेम दहा मिनिटं खेळला. थोडा लंगडत होता. त्याला बाहेर बोलावलं तेव्हा दोन्ही संघ टाळ्या वाजवत उभे राहिले. तो खुर्चीवर बसला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. अक्का उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. सामना संपल्यावर मी त्याचे रिबाउंड किती झाले ते विचारलं. त्यांनी मोजलेच नव्हते. वही कोरी होती.

संध्याकाळी त्या चार पानांचं पत्र घेऊन आल्या. सर, याचं इंग्रजी करून द्या, म्हणाल्या. पत्रात रात्री गुडघ्याखाली उशी घे, असं होतं. एरंडाचं पान गरम करून बांध, आणि ते तिकडे मिळत नसेल तर कळव, असंही होतं. मी हसू दाबत शेवटच्या पानावर आलो.

तिथे त्यांनी आपल्या नवऱ्याबद्दल लिहिलं होतं. तेही उंच होते, दवाखान्याच्या खाटेबाहेर पाय यायचे. शेवटच्या आजारात अक्का रोज त्यांच्या पायथ्याशी उभ्या राहून तक्ता वाचायच्या. ताप, नाडी, रक्तदाब. एक दिवस ते म्हणाले, 'मनाकडे बी देख ना जरासं.' अक्का म्हणाल्या, तुमच्याकडेही देखते, एवढं लिहून झालं की. पुढे लिहिलं होतं, 'बेटा, तुलासुद्धा मी दोन वर्षं नुसती वाचतच होते. आज पाहिलं. तू छान दिसतोस.'

मी पत्र घडी करून ठेवलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. इंग्रजीत सगळं नीट येईल ना, एवढंच त्यांनी विचारलं.

मी इंग्रजी करून दिलं. त्याच्या घरचा पत्ता ठाऊक नव्हता, म्हणून संघाच्या मैदानाचं नाव घातलं; तिथून त्याच्याकडे पाठवतील. सोमवारी आम्ही दोघं टपाल कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाने पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता दोनदा वाचला आणि म्हणाला, आजी, याला पोचायला महिनासुद्धा लागेल.

"लागू दे," अक्का म्हणाल्या. "आता तो घरीच असेल."