थोपटलं की सोडायचं

जमनामावशी कुठेही गेली की आधी एकच प्रश्न विचारते, "बाहेर जायला दुसरा दार कुठं हाय?"

दवाखाना असो, बँक असो, कुणाचं बारसं असो. बँकेत नवा मॅनेजर आला तेव्हा मावशीने पासबुक पुढे करायच्या आधी त्याला हा प्रश्न विचारला. त्या बिचाऱ्याने घाबरून शिपायाला हाक मारली. लग्नाला गेली की ती आधी आचाऱ्यांचं दार शोधते आणि पंगतीत त्या दाराच्या तोंडाशीच बसते. तिच्या डोक्यावरून वरणाच्या बादल्या ये-जा करतात, पण ती हलत नाही. गावातल्या देवीच्या देवळाला एकच दार आहे, म्हणून मावशी बाहेरूनच हात जोडते. "देवीला बाहेरचा पन दिसतो. नाय दिसला तर ती देवी कसली?"

ही माझी घरमालकीण. मी मूळची सांगलीकडची. पुण्यातली नोकरी सोडून बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले आणि समुद्राकडे नवापूरला मावशीच्या घरातली वरची खोली घेतली. तिचा नवरा मच्छीमार बोटीवर होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा वापीला. मावशी एकटी राहते, अंगणात बोंबील सुकवते आणि बोईसरच्या बाजारात विकते. खोली दाखवताना तिने मला नळ दाखवला नाही, पंखा दाखवला नाही. म्हणाली, "बघ बाय, हा पुढचा जिना. आन् मागं गच्चीवरून ही शिडी. शिडी बांधून घेतली, मंगच भाडेकरू ठेवला."

तिच्या भीतीची यादी लांब होती. कुकर लावला की ती अंगणात जाऊन उभी राहायची आणि तीन शिट्ट्या लांबूनच मोजायची. लिफ्टमध्ये तिने आयुष्यात पाय ठेवला नव्हता. कारखान्यांकडून आग-गळतीच्या सरावाचा भोंगा वाजला की ती गॅस बंद करायची, रेशनकार्ड पोलक्यात खोचायची आणि सुक्या बोंबलांचा डबा काखेत मारून रस्त्यावर यायची. समुद्राची मात्र तिला भीती नव्हती. "त्याला काय भ्यायचा? तो येताना दिसतो."

मी एकदा हसले, तर तिने मला दटावलं. "हस, हस. आमच्यात ज्या भित्या त्याच म्हाताऱ्या झाल्या. धीटवाल्या कुठं हायत, विचार."

खरं तर हसायचा मला अधिकार नव्हता. मीही भित्रीच. पुण्यात तीन वर्षं मी जिउ-जित्सू शिकले ते भीतीपोटीच. ही जमिनीवरची कुस्ती. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाने धरलं, पाडलं, वर बसला, तर कसं सुटायचं ते यात शिकवतात. तिथे मला निळा पट्टा मिळाला होता आणि छाती थोडी पुढे काढून चालायची सवयही लागली होती. बोईसरला आल्यावर ती सवय महिन्याभरात गेली. कंपनीच्या बसमधून उतरून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. लागोपाठ दोन संध्याकाळी एक मोटारसायकल माझ्यामागून माझ्याच वेगाने आली. पुढे गेली नाही, थांबली नाही, कुणी बोललं नाही. तीन वर्षांत शिकलेलं सगळं तेवढ्या वाटेत विसरले.

मावशीला सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून ती थांब्यावर हजर. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मासे कापायची सुरी, आणि दोन्ही हात लटलट कापताहेत. मला त्या मोटारसायकलवाल्यापेक्षा त्या सुरीचीच जास्त धास्ती वाटली. तो पुन्हा आला नाही. पण मी ठरवलं, इथे एखादा क्लास शोधायचा. नाहीतर मीही कुकर लावून अंगणात उभी राहायला लागेन.

"जीवजित्सू?" मावशी म्हणाली. "जीव घेतात का वाचवतात?"

"वाचवतात. आणि फार दुखलं, गुदमरलं, की समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर दोनदा हाताने थोपटायचं. थोपटलं की त्याने सोडायचं. तोच नियम."

मावशीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "थोपटला की सोडतात?"

"हो."

"आन् नाय सोडला तर?"

"असं होत नाही मावशी."

"मी येणार तुज्याबरोबर," ती म्हणाली. "तुला मान्सा कळत नाय."

अशा रीतीने, अंगावर माशाचा वास आणि हातात कापडी पिशवी घेतलेली एक साठीची बाई माझ्यासाठी जिउ-जित्सूचे क्लास तपासायला निघाली.

पहिला क्लास बोईसरलाच, एका गोदामाच्या माळ्यावर. अरुंद लोखंडी जिना, वर एक शटर, आत घामाचा दर्प आणि बिनबाह्यांचे वीस पुरुष. सगळ्यांनी एकदम वळून आमच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसांच्या खोलीत शिरून त्यांच्या हाती आपली मान द्यायची, हे पुण्यात मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. तिथे वाटलं.

उस्ताद पुढे आला. "बोलो आंटी, किसको सीखना है?"

"दुसरा दरवाजा किदर हाय?" मावशीने विचारलं.

"एक ही शटर है, आंटी."

"और शटर गिरा तो?"

उस्तादाने शटरकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला बहुधा प्रथमच पडला होता. तो उत्तर शोधेपर्यंत मावशी जिना उतरून खाली रस्त्यावर पोचलीसुद्धा होती.

दुसरा पालघरला. एसटीने गेलो. काचेचं दार, भिंतभर आरसे, गुळगुळीत निळ्या गाद्या. मावशीने दोन दारं मोजली, संडासाची खिडकी उघडून पाहिली आणि मान डोलावली. तिथले सर फार गोड बोलले. मला म्हणाले, आजचा दिवस करून बघा. मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी कपडे बदलून गादीवर गेले.

शेवटी माझी जोडी एका धिप्पाड मुलाशी लावली. त्याने मला पाडलं, माझ्या मानेभोवती हात आवळला. मला सुटता येईना. मी थोपटलं.

त्याने सोडलं नाही.

मी पुन्हा थोपटलं. कानात समुद्र वाजायला लागला. माझ्या गालाजवळ तो हसत होता. "क्या मॅडम, इतनी जल्दी?" असेल दोन-तीन क्षणांचीच गोष्ट, पण त्या क्षणांत मला कळलं की नियम हा फक्त समोरच्याच्या मनात असतो. त्याने ठरवलं तर आहे, नाहीतर नाही.

आणि मग आवाज आला. धप, धप, धप. मावशी खुर्चीवरून उठून चपलांसकट गादीवर आली होती. आमच्यापासून चार हातांवर गुडघ्यांवर बसून ती दोन्ही तळव्यांनी गादी बडवत होती. "थोपटला तिनं! सोड! थोपटला तिनं! सोड!"

त्याने केव्हाच सोडलं होतं. मी उठून बसले होते, खोकत होते. मुलं हसायला लागली. पण मावशी थांबेना. ती बडवतच राहिली. तिची नजर माझ्यावर नव्हती, त्या मुलावरही नव्हती. हळूहळू सगळ्यांचं हसणं बंद झालं. शेवटी मी जाऊन तिचे हात धरले. ते बर्फासारखे गार होते.

"मावशी, इथे असं चालतंच हो," सर म्हणाले.

"म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "सगळीकडंच चालता."

परतीच्या एसटीत दुसरं दार कुठे आहे हेही तिने विचारलं नाही. मी ठरवलं की पुरे झालं, शिकले तेवढं शिकले.

पण पंधरा दिवसांनी मावशीनेच बातमी आणली. बाजारात तिच्याकडून मासळी घेणाऱ्या एका बाईची मुलगी बेटेगावच्या बाजूला असल्याच कसल्यातरी क्लासला जाते म्हणे. "पोरी जातात तिथं. बघून तर येऊ. पटला नाय तर पळू."

पिठाच्या गिरणीला लागून एक पत्र्याची शेड होती. समोर दार, मागे दार, दोन्ही सताड उघडी. खाली जाड फोमवर ताडपत्री ताणून बसवलेली. शाळकरी मुली, कारखान्यातले दोघेतिघे, एक शिक्षिका. शिकवणारा एडवणचा, घरचे कोळी, बुटका, रुंद, कुस्तीने कान मुरगळून बसलेले. तो माझ्याजवळ आला आणि पट्टा कुठला हे विचारायच्या आधी म्हणाला, "ताई, जुनं काही दुखणं आहे का? आणि कशाची भीती वाटते का? आधी सांगितलंत तर बरं पडतं."

हा प्रश्न मला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. पालघरची गोष्ट मी सांगून टाकली. त्याने ऐकून घेतलं. "आज तुम्ही हिच्याबरोबर करा," असं म्हणून त्याने सगळ्यांत हलक्या मुलीला बोलावलं.

"थांब," मावशी म्हणाली.

तिची तपासणी व्हायची होती. ताजी मासळी बघावी तशी तिने ती शेड बघितली. ताडपत्री बोटाने दाबली, वाकून तिचा वास घेतला. फिनेल. दोन मुलांची नखं बघितली. एकाला नखं काढायला घरी पाठवते की काय असं मला वाटलं. मग तिने आपला उजवा हात शिकवणाऱ्यापुढे केला.

"धर."

"मावशी, तुम्हाला कशाला..."

"धर रे."

त्याने तिचं मनगट धरलं. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या दंडावर थोपटलं. त्याने सोडलं.

"परत धर. जोरान."

त्याने धरलं. तिने थोपटलं. त्याने सोडलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मुली कुजबुजायला लागल्या, तसं त्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. दरवेळी मावशीच्या चेहऱ्यावर भीती असायची, की आता हा सोडणार नाही. आणि दरवेळी हात मोकळा झाला की ती त्याकडे बघत राहायची. आठ वेळा तरी झालं असेल. तो कंटाळला नाही, हसला नाही.

"थोपटला की सोडायचा, मावशी," तो तिच्याच बोलीवर येऊन म्हणाला. "दुसरा कायदा नाय आमच्यात. जो सोडत नाय त्याला दुसऱ्या दिवशी इथं पाय ठेवता येत नाय."

मावशीने पदराने तोंड पुसलं. मला म्हणाली, "इथं ये तू."

मी जायला लागले. आठवड्यातून तीन दिवस. मावशीही यायची. मागच्या दाराशी पाटावर बसून लसूण सोलायची आणि कुणी थोपटलं की लसूण थांबवून बघायची. मुलींना तिची सवय झाली. कुणी एखादा क्षण उशीर केला तर मावशीच्या आधी त्याच ओरडायच्या.

एका रविवारी दुपारी मी खोलीत वाचत पडले होते. मावशी वर आली. तिने चहा आणला नव्हता, भाजी निवडायला आणली नव्हती. नुसतीच दारात उभी राहिली.

"बाय," ती म्हणाली, "छातीवर बसला तर काय करायचा?"

मला वाटलं, क्लासमध्ये बघितलेलं विचारते आहे. "कोण बसला तर?"

"मान्साचा वजन. अंगावर बसला, हे दोन हात दाबले. तोंडावर मारतोय. मंग?"

मी उठून बसले. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. बाजारात भाव सांगावा तसा आवाज. तिने वर्षं सांगितली नाहीत, नाव घेतलं नाही. फक्त म्हणाली, "आमचा जुना घर एका दाराचा होता."

मी सतरंजी अंथरली. ती उताणी झोपली, लुगडं पायांभोवती नीट खोचून. मी तिच्या पोटावर बसले, अगदी अलगद, गुडघ्यांवर सगळा भार घेऊन. तिने डोळे मिटले आणि तिचं सगळं अंग ताठ झालं. श्वास थांबला. मी लगेच उठायला गेले.

"बस," ती डोळे मिटूनच म्हणाली. "सांग."

मी सांगितलं. माझा हा हात छातीशी कवटाळ. त्याच बाजूच्या माझ्या पायावर तुझा पाय अडकव. आता मला टेकू नाही. आता कंबर वर उडव आणि त्या खांद्यावरून कूस पालट. बोलण्याच्या भरात मी तिला कधी अगं-तुगं करायला लागले ते कळलंच नाही.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा ती नुसती थरथरली. तिसऱ्यांदा तिने दात आवळले, आणि चाळीस वर्षं माशांच्या पाट्या वाहिलेली ती कंबर अशी काही उसळली की मी भिंतीपर्यंत गडगडले. डोकं कपाटाला लागलं.

मी हसत, डोकं चोळत उठले. मावशी सतरंजीवर बसली होती. अंबाडा सुटलेला. ती आपल्या दोन्ही हातांकडे, मग माझ्याकडे, मग मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"एवढाच होता?" ती म्हणाली.

मावशीच्या बोलीत 'एवढंच' आणि 'एवढाच' सारखंच वाजतं. ती त्या युक्तीविषयी बोलत होती की त्या माणसाविषयी, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी तिच्या मागे जाऊन बसले आणि तिचे केस विंचरायला घेतले.