वारा सरेना

"काका, वारा सरला का?"

सिस्टरनी हे विचारलं की चष्मेकाका आतून हरखायचे. त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. बंद पडलेलं पोट पुन्हा चालू झालं की नाही, हे कळायची वारा सरणं ही साधी खूण. ती मिळाली की आधी घोटभर पाणी, मग काहीतरी पातळ, आणि मग घर. यातला वैद्यकीय भाग काकांना फारसा भिडला नव्हता. आपल्याला कुणीतरी कळकळीने काही विचारतंय, एवढंच त्यांना पुरत होतं.

उभा जन्म त्यांनी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवत 'आता दिसतंय का?' असं विचारण्यात घालवला. उलटा प्रश्न कुणी केला नाही. बायको होती तोवर ती करायची. ती गेली आणि घरात कुकर सोडला तर कुणी तोंड उघडेना. मुलगा परदेशी. फोनवर "बाबा, सगळं ठीक ना?" म्हणायचा, आणि काकांनी "अरे, जरा..." म्हणेपर्यंत "छान, छान" म्हणून मोकळा व्हायचा.

इथे मात्र सिस्टर विचारत, राउंडला सर्जन विचारत, झाडणाऱ्या मावशी झाडू थांबवून विचारत. शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक काडीसारखा टॅक्सीवाला होता. वॉर्डात सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याची बायको भेटायला आली की नवऱ्याच्या आधी काकांकडे वळे. "सरला का हो?"

आणि एका दुपारी, ऐन भेटायच्या वेळात, तो सरला.

प्रत्येक खाटेभोवती माणसं होती. काकांच्या खाटेपाशी सलाइनचा स्टँड तेवढा उभा होता. काकांनी हातातलं वर्तमानपत्र जोरात फडफडवलं आणि हळूच आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा 'हो' अगदी काकांच्या ओठांवर होतं. पण 'हो' म्हटलं की पाणी, पातळ काहीतरी, आणि घर. कुकर.

"नाही हो," काका म्हणाले.

"मग जरा चाला बघू. वॉर्डात दोन फेऱ्या मारा, आपोआप सुटेल."

आता आली पंचाईत. चालताना सगळ्यांसमोर सुटला तर? काकांनी ठरवलं, हलायचंच नाही. चक्कर येते म्हणून त्यांनी फेऱ्या टाळल्या. पडल्यापडल्या पावलं वरखाली हलवायला सांगितली होती, तेही सोडून दिलं. पायांचं आणि पोटाचं आतून काय साटंलोटं असेल, कुणी सांगावं! डोळे छताला लावून, श्वाससुद्धा बेताने घेत काका पडून राहिले. बाजूला पैलवान चहात बिस्किट बुडवून खात होता. काकांची जीभ टाळूला चिकटली होती. पण मावशी विचारून गेल्या आणि त्यांना जरा बरं वाटलं.

सकाळी सर्जनच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अजून नाही? सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

सिस्टरनी काकांच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ ऐकलं. "पोट मऊ आहे, फुगलेलं नाही. उलटी नाही, आवाज चांगले येतायत. पोट काहीतरी वेगळंच सांगतंय आणि काका वेगळंच. मी तर म्हणेन, थोडं थांबू या."

"दुपारपर्यंत थांबू. नाहीतर एक्स-रे, आणि नाकातून नळी घालू पोटात."

"नाकातून?" काका किंचाळले.

पैलवानाला राहवेना. "अहो डॉक्टर, नळी कसली घालताय बिचाऱ्याला! कालच झालंय त्यांचं. मोठ्यांदा पेपर फडफडवला ना, त्यात एक आवाज पेपरचा नव्हता!"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" सर्जननी पैलवानाला विचारलं.

"ते स्वतः बोलेनात. म्हटलं, असते एखाद्याची खासगी गोष्ट."

अख्खा वॉर्ड हसला. एकाला टाक्यांमुळे हसवेना, तो पोट धरून "बस करा, बस करा" म्हणत राहिला. सर्जनही हसले. काका सगळ्यांच्या मागून हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. पाणी सुरू झालं, संध्याकाळी पातळ काहीतरी मिळालं, दुसऱ्या दिवशी घरी जायचं ठरलं. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. आता त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. विचारण्यासारखं राहिलंच काय होतं!

घरी जायच्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. "पोट कसं आहे?"

"छान."

"टाके?"

"छान, छान."

काका पँट चढवायला उठले. उजवा पाय त्यांनी जमिनीवर असा टेकला, जणू जमीन दुसऱ्या कुणाची होती.

"पायाला काय झालं?"

"मुंग्या आल्यात. तुम्ही जा, तुम्हाला कामं असतील."

सिस्टर जागीच थांबल्या. ॲडमिट झाल्यापासून काकांनी कुणालाही 'जा' म्हटलेलं नव्हतं. त्यांनी काकांना पुन्हा झोपवलं, दोन्ही पोटऱ्या उघड्या केल्या आणि टेपने मोजल्या. उजवी चांगलीच सुजली होती. हाताला गरम लागत होती.

"कधीपासून आहे हे?"

"काल संध्याकाळपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"कोणत्या तोंडाने बोलणार?" काका म्हणाले.

सिस्टरनी सर्जनना फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "पुन्हा चष्मेकाका? आता काय सरेना?"

"सर, या वेळी ते काहीच म्हणत नाहीयेत. मी बघितलंय. श्वास ठीक आहे, पण पायात गुठळी असेल असं वाटतंय. लगेच या."

हसू थांबलं. सर्जन आले आणि पायाची सोनोग्राफी झाली. शिरेत खरंच गुठळी होती. न हलता पडून राहिल्याचं हे बक्षीस. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर घरीही जायला नको आणि इथेही राहायला नको. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुरू झालं.

"काका," सर्जन म्हणाले, "आता काही दिवस मुक्काम इथेच."

काकांनी चेहरा शक्य तितका पडलेला ठेवला.

पण तो होता शनिवार. दुपारपर्यंत एकेक पेशंट सुटला. पैलवान शर्टाची बटणं लावत खाटेपाशी आला. "येतो काका. पायाला जपा." त्याच्या बायकोने काकांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, आणि दोघं गेली. मावशींनी चादरी ओढून काढल्या, गाद्या उभ्या केल्या. नवीन माणसं थेट सोमवारी येणार होती. इतकी लबाडी करून मिळवलेला मुक्काम काकांना मिळाला खरा, पण आता भोवती नुसते लोखंडी पलंग होते. नळ ठिबकत होता, तेवढीच काय ती सोबत.

संध्याकाळी सिस्टर साधी साडी नेसून, खांद्याला पर्स लावून आल्या. ड्युटी संपली होती. त्यांनी उगाच पोटरी पुन्हा दाबून पाहिली, मग स्टूल ओढून बसल्या.

"निघायचं नाही का?" काकांनी विचारलं. "घरी वाट बघत असतील."

सिस्टर पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिल्या. "बसला वेळ आहे अजून," त्या म्हणाल्या.

काकांच्या खिडकीतून समोरचा बसस्टॉप दिसत होता. एक बस आली, थांबली, गेली. मागोमाग दुसरी आली. सिस्टरची तिकडे पाठ होती.

काकांनी उशी सरळ केली आणि विचारलं, "आज जेवलात का वेळेवर?"

सिस्टरनी खांद्यावरची पर्स काढून खाटेच्या कडेला ठेवली.