हयातीचे पाच गुण

दिनांक ९ ऑक्टोबर २००६ रोजी मालवणच्या सागरवैभव मत्स्यप्रक्रिया संस्थेच्या संगणकाने महाव्यवस्थापकपदासाठी बेचाळीस उमेदवारांतून भिकाजी तेंडोलकर यांची निवड केली. त्यांना शंभरपैकी नव्याण्णव पूर्णांक चार गुण मिळाले. भिकाजींना जाऊन त्या दिवशी चौदा महिने झाले होते. ज्या पदासाठी त्यांची निवड झाली, ते पद त्यांच्याच जाण्याने रिकामे झाले होते.

निकालाचा कागद फलकावर लागला तेव्हा उपव्यवस्थापक ओंकार बांदेकर शीतगृहातून बाहेर येत होता. तो रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. हे चौदा महिने कारखाना त्यानेच चालवला होता आणि या काळात कोळंबीचा एकही डबा परत आला नव्हता. सबब ती खुर्ची आपल्याला मिळेल, हे त्याने आशा म्हणून नव्हे, तर अनुमान म्हणून मनात धरले होते. यादीत त्याचे नाव एकेचाळिसावे होते. खाली एकच नाव उरले होते आणि ते गृहस्थ फसवणुकीच्या खटल्यात कोठडीत होते.

आदल्या वर्षापर्यंत अशी माणसे हरिश्चंद्र परुळेकर शोधून देत. आरोंद्यापासून तळेऱ्यापर्यंत कोणत्याही बर्फ कारखान्याला वा हॉटेलाला वरचा माणूस लागला की हरिश्चंद्रांना निरोप जाई. ते उमेदवाराच्या गावी न कळवता जात, त्याच्या शेजाऱ्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसत, त्याच्या घरी मासे देणाऱ्या बाईला गाठत आणि परत येऊन वहीत एक ओळ लिहीत. या पद्धतीला संस्थेने ठरावाद्वारे 'वशिला' असे नाव दिले आणि पुण्याहून 'निःपक्ष' नावाची संगणकप्रणाली आणली. हरिश्चंद्रांची वही तेवढी ठेवून घेतली. त्यातली नावे वर्षाली नावाच्या ऑपरेटरने उमेदवार म्हणून संगणकात भरली. भिकाजी वारल्याची नोंद वहीत नव्हती. हरिश्चंद्रांनी त्यांना खांदा दिला होता. ते लिहून ठेवायची गरज त्यांना वाटली नव्हती.

ओंकार अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष बाळा मयेकर बाहेरच्यांशी प्रमाण मराठीत आणि घरच्यांशी मालवणीत बोलत. दार लोटून घेतल्यावर ते मालवणीत आले.

"साहेब, भिकाजी वारले आहेत."

"माका सांगतंस? तेच्या तेराव्याक काळ्या वाटाण्याचा सांबारा मी दोनदा मागून घेतलंय."

"मग ही निवड रद्द करा."

"आणि ठरावाचा काय करू? मशीनीच्या निकालात माणसान हात घालूचो नाय, असो ठराव आसा. सूचक कोण? मी. आता हात घातलंय तर लोक म्हणतले, बाळान आपलो माणूस बसवलो."

"पण उमेदवार जिवंत तरी असायला हवा ना!"

"तशी अट जाहिरातीत होती काय रे?" अध्यक्षांनी जाहिरात काढून दाखवली. नव्हती.

पुण्याच्या सल्लागाराला फोन केला. त्याने सांगितले की हयात हा निकष नंतर घालता येईल, मात्र तो सर्व उमेदवारांना सारखाच लावावा लागेल. जिवंत असण्याला किती गुण द्यावेत यावर निवड समितीची दोन तास चर्चा झाली. संगणकज्ञानाला दहा गुण होते, इंग्रजी संभाषणाला आठ. हयातीला पाच देण्यावर एकमत झाले. कारण ती उमेदवाराच्या स्वतःच्या कर्तृत्वात मोडत नाही. सर्वांकडून हयातीचा दाखला मागवला. कोठडीतल्या गृहस्थांचा सर्वांत आधी आला. ओंकारला तलाठ्यासमोर दोनदा जावे लागले, कारण पहिल्या खेपेस तलाठी हयात असूनही जागेवर नव्हते.

भिकाजींचा दाखला आला नाही. त्यांचे पाच गुण कापले गेले. ते चौऱ्याण्णव पूर्णांक चारवर आले. दुसऱ्या क्रमांकाला एकसष्ट होते.

नेमणुकीपूर्वीच्या मुलाखतीचे पत्र रीतसर गेले आणि ते घेऊन भिकाजींच्या पत्नी चंद्रावती कचेरीत आल्या.

"पत्र इला, म्हणून सांगाक इलंय," त्या समितीपुढे उभ्या राहून म्हणाल्या. "ते येवचे नाय. आणि असते तरी इले नसते. तेंका कोणी प्रश्न इचारलेलो चलत नाय होतो."

समितीने त्यांना चहा दिला आणि 'उमेदवाराने अनुपस्थितीची पूर्वसूचना दिली' अशी नोंद केली. या शिष्टाचाराचे दोन गुण वाढले. भिकाजींची नेमणूक झाली. दारावर त्यांच्या नावाची पाटी चढली, आणि सगळे कागद ओंकारच पूर्वीप्रमाणे 'महाव्यवस्थापकांकरिता' अशी सही करून पाठवू लागला. तिमाही आढाव्यात नव्या महाव्यवस्थापकांविरुद्ध एकही तक्रार नसल्याचे आढळले. ओंकारविरुद्ध नऊ होत्या.

तेव्हा ओंकारने कारण शोधायचे ठरवले. नमुना बिघडला तर तपासणीचे टप्पे उलट्या क्रमाने पाहायचे, ही त्याची सवय. वर्षालीने गुणांची फोड काढून दिली. शिक्षणात तो पुढे होता, अनुभवात बरोबरीने. सगळा फरक एका रकान्यात होता: 'संबंधमूल्य'. माणसांच्या संबंधांनाही किंमत आहे असे सल्लागाराचे मत होते. ती मोजता आली पाहिजे, एवढेच. म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या वीस परिचितांकडून गोपनीय गुणपत्रिका भरून घेतल्या होत्या. सहकार्य, स्वभाव, नम्रता, असे दहा रकाने. प्रत्येकास दहापैकी आकडा. आकड्याखेरीज काही लिहिल्यास पत्रिका बाद.

"आणि वहीतला शेरा?" ओंकारने विचारले.

"तोपण घातलंय. पण रकान्यात एकच शब्द मावता," वर्षाली म्हणाली. "तुमच्या नावापुढे 'भांडखोर' मावलो."

तो हरिश्चंद्रांकडे गेला. ते खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते.

"हरीकाका, तुम्ही माझ्याबद्दल भांडखोर लिहिलंत?"

"लिवलंय. फुडे काय लिवलंय ता वाचलंस? 'भांडखोर. हेच्याकडे माल नासाचो नाय.' अरे, मी माणूस बघूक जाय तेव्हा शेजारी तेका दोन तास शिव्या घालीत. मी आयकून घेय. मग उठताना इचारी, मग काढूया काय तेका? तर म्हणत, नको नको, तेका कित्याक काढतास! तो माणूस मी घेय."

"आणि ज्याची सगळे स्तुती करतात तो?"

"तसो जितो माणूस माका मिळाक नाय," हरिश्चंद्र म्हणाले आणि पुढची सुपारी हातात घेतली.

ओंकारने दोन्ही गठ्ठे मागवून टेबलावर शेजारीशेजारी मांडले. वीस भिकाजींच्या, वीस त्याच्या. कारखाना एकच, म्हणून परिचितही बहुतेक तेच. अक्षर तेच, शाई तीच, कित्येकांवर तारीखसुद्धा तीच. ज्या फोरमनला भिकाजींनी गेटबाहेर उभे केले होते, त्याने त्यांना नम्रतेत दहा दिले होते. रोज अकराला ओंकारबरोबर चहा पिणाऱ्या किरणने ओंकारला सहकार्यात तीन दिले होते.

भिकाजींच्या गठ्ठ्यातली शेवटची पत्रिका ओंकारच्या स्वतःच्या अक्षरात होती. अकरा वर्षे भिकाजी त्याला सर्वांदेखत 'मास्तर' म्हणून हिणवत आले होते. त्याने दहाही रकान्यांत दहा भरले होते. भरताना काय वाटले, ते त्याला चांगले आठवले: आता कशाला?

इतक्यात वर्षालीने एक नवा लिफाफा आणून ठेवला. किरणने पाळीप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि परिचित म्हणून ओंकारचे नाव दिले होते. ओंकारने पेन उघडले. सहकार्य: चार. चार म्हणजे जरा जास्तच झाले, असे त्याला वाटले. पण खाडाखोड केल्यास पत्रिका बाद होते. ती पाकिटात घालून त्याने चिकटवली आणि अहवाल लिहायला घेतला.

"प्रणाली तपासली. तीत दोष आढळला नाही. बेरजा बरोबर आहेत. वीसही परिचितांनी कै. तेंडोलकर यांच्याविषयी जे लिहिले, ते त्यांच्या हयातीत या विसांपैकी एकानेही लिहिले वा सांगितले नव्हते. उर्वरित एकेचाळीस उमेदवार मागे पडले, त्याचे कारण एकच: ते जिवंत होते, आणि त्यांच्या पत्रिका त्यांना ओळखणाऱ्या माणसांनी भरल्या."

खाली त्याने सही केली. महाव्यवस्थापकांकरिता.