सातवा रकाना

सावरघोळचा जलाशय एकट्या माणसाला परत देत नाही, म्हणून होडीच्या परवान्याच्या अर्जात सातवा रकाना आहे: काठावर वाट पाहणाऱ्याचं नाव आणि नातं.

नियम साधा आहे. एकानं होडीतून जायचं, दुसऱ्यानं घाटावर बसून राहायचं आणि ठरल्या दिवशी ऊन कललं की घरातल्या नावानं हाक मारायची. हाक आली की पाणी होडी सोडतं, नाही आली तर ठेवून घेतं. यात पाण्याचा दुष्टावा नाही. माणूस कोणाला हवाय, हे त्याला कळायला नको का?

मोरेश्वर घैसास पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. या जलाशयाचा नकाशा त्यांनी अकरा वेळा काढला होता, पण पाण्याला कधी बोटही लावलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन दिवसांची सफर आखली. बेटांवरचे मुक्काम ठरले. स्टोव्ह, पोहे, ताडपत्री, जादा वल्हं, सगळं जय्यत. गाडं अडलं सातव्या रकान्यापाशी. शेजाऱ्यांकडे बारसं होतं. नाशिकचा चुलतभाऊ फोनवरून वाट बघायला तयार होता, पण ते चालत नाही. एवढ्या ओळखीपाळखीत आपल्यासाठी तीन दिवस बसणारा एक माणूस निघू नये, याचं घैसासांना फार वाईट वाटलं.

परवान्याच्या खिडकीवरच्या तांडेल बाईंनाही त्यांनी विचारून पाहिलं. बाईंचे चार जण आधीच पाण्यावर होते. चारांच्या वर गेलं की हाकेत जीव राहत नाही, असं त्या म्हणाल्या.

"मीच माझी वाट पाहिली तर?"

बाईंनी चष्मा लावून नियमावली शेवटपर्यंत वाचली. "मनाई नाही. पण काठावरचा माणूस तिन्ही दिवस काठावर दिसला पाहिजे."

"दिसेल."

"नातं काय लिहू?"

"परत आल्यावर लिहितो." बाईंनी ती जागा तात्पुरती कोरी ठेवली.

सोमवारी सकाळी एक घैसास होडीत बसले, दुसरे घाटावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. होडी दिसेनाशी झाली आणि खुर्चीतल्यांच्या लक्षात आलं की वाट बघणं आपल्याला येतच नाही. आपली कोणी बघितली असती, तर निदान पाहून तरी शिकलो असतो. मंगळवारी वारा सुटला. काळजीनं त्यांना डब्यातलं जेवण गेलं नाही.

बुधवारी ऊन कललं. ते उभे राहिले आणि हजेरी घ्यावी तशी हाक मारली, "मोरेश्वर घैसास."

पाणी हललं नाही. बाई खिडकीतून बघत होत्या. घरातलं नाव आई गेल्यापासून कोणी उच्चारलं नव्हतं.

"नानू," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "नानू, चल रे घरी."

बेटाआडून होडी निघाली. उन्हानं रापलेले घैसास घाटावर उतरले. खुर्चीतल्यांनी त्यांच्या हातातलं वल्हं घेतलं.

"जेवलास का?"

"सकाळी थोडं."

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. खुर्चीतल्यांनी कोऱ्या जागेत लिहिलं: घरचा.

संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली. खुर्चीतल्यांनी खिडकीची जागा होडीतल्यांना दिली. ते दमले होते.