मास्तरांची गारगोटी

चार महिन्यांत तिसरा लायटर बिघडला, तेव्हा भूगोलाच्या निवृत्त मास्तरांचं डोकं फिरलं. "गॅरंटी नाही" हे दुकानदाराचं उत्तर ऐकून ते घरी आले ते तणतणतच.

"अहो, काडेपेटी आणायची ना मग," बायको म्हणाली.

"त्या माणसाकडून काडीसुद्धा घेणार नाही. गारगोटी आणि पोलाद, एवढ्यावर माणसाने हजारो वर्षं चूल पेटवली."

खिशात जुनी कानस आणि इस्त्रीने करपलेली सुती चिंधी घेऊन ते बाहेर पडले. दीड तास हिंडले. जिकडे तिकडे सिमेंट नाहीतर फरशा. एवढ्या मोठ्या शहरात धड एक दगड मिळू नये, याचा त्यांना लायटरहून जास्त संताप आला.

अखेर बँकेच्या दारातल्या कुंड्यांत पांढरे गोटे दिसले. मास्तर उकिडवे बसून एकेक पारखू लागले. रखवालदार धावत आला.

"काका, काय चाललंय?"

"अरे, यात निम्मे संगमरवराचे आहेत. मला गारगोटी हवी."

"कशाला?"

"आग पेटवायला."

रखवालदाराने त्यांना दंडाला धरून थेट मॅनेजरसमोर उभं केलं. "साहेब, हे आग लावायला आलेत."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागावं? "बोलण्यात अर्थ नाही, दाखवतोच," म्हणत त्यांनी कुंडीतून उचललेल्या गारगोटीवर चिंधी धरून कानस हाणली. सातव्या फटक्याला ठिणगी चिंधीवर पडली. त्यांनी फुंकर घातली आणि खोलीभर धूर झाला. मॅनेजर खोकत टेबलामागे सरकला. मास्तरांनी मात्र वर पाहिलं.

"ती छताला लावलेली धुराची घंटा का वाजली नाही?"

मॅनेजरनेही वर पाहिलं.

"लोकांचा ठेवा सांभाळता आणि धूर कळत नाही? तक्रारवही आणा."

आता मॅनेजरच "जाऊ द्या ना काका" म्हणत त्यांचा दंड धरू लागला. पण मास्तरांनी दोन पानं भरून तक्रार लिहिली, सही केली आणि गारगोटी खिशात टाकून निघून गेले.

आठवड्याने रखवालदार घराच्या दारात हजर. चेहरा पडलेला.

"काका, नवी घंटा बसवलीय. कारागीर म्हणतो, धूर करून तपासावी लागेल. साहेबांनी विचारलंय, आग लावायला कधी येता?"